टेबलावर रुतलेला पॅटन

हातभर फळीवर थोडा चिखल, थोडा ऊस आणि एक बंद पडलेला रणगाडा. मोडक्या वाहनाची छोटी प्रतिकृती घडवण्याचा हा छंद बारीक नजर मागतो, चिकाटी मागतो आणि शेवटी एक अवघड प्रश्नही विचारतो.

मोडकी वस्तू घरात ठेवू नये, असे आपल्याकडे मानतात. बंद पडलेले घड्याळ, तडा गेलेला आरसा, कान तुटलेला कप यांची रवानगी माळ्यावर होते, नाही तर भंगारवाल्याकडे. मात्र एक छंद असा आहे की त्यात माणसे चांगली धडधाकट वस्तू घेतात, महिना-दोन महिने खपून ती मोडतात, वाकवतात, चिखलाने माखतात आणि मग दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मानाने ठेवतात. हा छंद म्हणजे मोडक्या वाहनाचा डायोरामा.

डायोरामा हा शब्द परका वाटला तरी ती गोष्ट मराठी घराला नवी नाही. दिवाळीत अंगणात किंवा गच्चीवर दगडमातीचा किल्ला रचणारी, त्यावर हळीव पेरून हिरवळ उगवणारी आणि बुरुजावर मावळे उभे करणारी मुले डायोरामाच करत असतात. गणपतीपुढचा देखावा हेही त्याचेच रूप. फरक एवढाच की आपल्या किल्ल्यातला मावळा बहुधा दरवाजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याच्या शेतात उभी असलेली गाय तटबंदीवरून सहज पलीकडे पाहू शकते. डायोरामात हे चालत नाही. तिथे सगळे एकाच मापाने लहान करावे लागते.

पडद्यापासून पेटीपर्यंत

हा शब्द पॅरिसमध्ये जन्मला. १८२२ मध्ये लुई दागेर आणि शार्ल बुताँ या दोघा चित्रकारांनी तिथे 'डायोरामा' नावाचे नाट्यगृह सुरू केले. नट नव्हते, संवाद नव्हते. प्रचंड मोठ्या, अर्धपारदर्शक चित्रांवर पुढून-मागून प्रकाश टाकला जाई आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दिवसाची रात्र होई. १८३९ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळाले. त्याच वर्षी दागेरचे नाव छायाचित्रणाच्या शोधामुळे जगभर पोचले. डायोरामा हा शब्द मात्र मागे उरला आणि पुढे वस्तुसंग्रहालयांतल्या काचेआडच्या देखाव्यांना चिकटला.

घरगुती छंद म्हणून त्याचा प्रसार झाला तो प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या संचांमुळे. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचा छोटा संच बाजारात आणला. जपानमध्ये शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकात रणगाड्यांचे संच काढले. त्यांचे माप १:३५, म्हणजे मूळ वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढे. या विचित्र आकड्यामागे कोणताही गणिती सिद्धान्त नव्हता. पहिल्या रणगाड्यात छोटी मोटर आणि बॅटरीचे सेल बसले पाहिजेत, या सोयीतून ते माप ठरले. आज जगभर लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी तेच माप सर्वांत जास्त वापरले जाते.

नुसते वाहन जोडून थांबू नका, त्याच्याभोवती एक प्रसंग उभा करा, हे शिकवण्यात शिकागोच्या शेपर्ड पेन (१९४६-२०१५) यांचा वाटा मोठा. १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या संचांबरोबर त्यांच्या डायोरामांची रंगीत पत्रके येत. १९८० साली आलेले त्यांचे डायोरामावरचे पुस्तक अनेक हौशी कारागिरांनी गुरुस्थानी मानले.

असल उत्तरचा ऊस

मोडक्या वाहनाचा डायोरामा करायचा तर विषयासाठी युरोपात जायला नको. आपल्याच देशात त्यासाठी एक अस्सल प्रसंग आहे. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचे गाव आहे. १९६५ च्या युद्धात ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत तिथे रणगाड्यांची मोठी लढाई झाली. पाकिस्तानच्या चिलखती दलाकडे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते. सुमारे ४५ टन वजनाचे, ९० मिलिमीटर तोफेचे हे धूड त्या काळी अतिशय आधुनिक मानले जाई. समोर मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या डोंगरी डिव्हिजनने घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली होती. मदतीला होते जुने शर्मन आणि सेंच्युरियन रणगाडे आणि हलके एएमएक्स.

भारतीय सैन्याने कालव्यांचे पाणी शेतांत सोडले. उसाचे उभे पीक आणि खाली भिजलेली काळी जमीन. उसाआड आपले रणगाडे दबा धरून बसले होते. आत शिरलेले पॅटन चिखलात रुतू लागले आणि जवळून होणाऱ्या माऱ्यात सापडले. भारतीय नोंदींनुसार या लढाईत ९७ पाकिस्तानी रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. काही तर इंधन आणि दारूगोळ्यासकट सोडून दिलेले होते. पकडलेले रणगाडे जिथे ओळीने उभे केले गेले, त्या जागेला लोक 'पॅटननगर' म्हणू लागले. गावाच्या नावाचा अर्थच 'खरे उत्तर', तेव्हा त्यावर कोट्या झाल्या नसत्या तरच नवल!

जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागून एक रणगाडे टिपणारे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद इथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे शर्मन रणगाडे घेऊन लढणारे लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य हे मराठी अधिकारी. त्यांना महावीर चक्र देऊन गौरवण्यात आले आणि पुढे ते भारताचे लष्करप्रमुख झाले.

हा प्रसंग टेबलावर आणायचा म्हणजे काय, ते आकड्यांत पाहा. तोफ पुढे धरून पॅटनची लांबी नऊ मीटरच्या वर जाते. १:३५ मापात ती साधारण २६ सेंटिमीटर होते. माणूस पाच सेंटिमीटरचा. तीन मीटर उंचीचा ऊस साडेआठ सेंटिमीटरचा. ४५ टनांचा रणगाडा त्याच पोलादात पस्तीसपट लहान केला, तर त्याचे वजन जेमतेम एक किलो भरेल. प्लास्टिकचा तर त्याहूनही हलका. म्हणजे हातात काही ग्रॅमची वस्तू आणि पाहणाऱ्याला जाणवायला हवे पंचेचाळीस टनांचे ओझे. या छंदाची खरी कसोटी इथे लागते.

आधी कारण, मग खोच

नवशिका बहुधा एक चूक करतो. मोडके वाहन करायचे म्हणून तो कुठेही भोके पाडतो, मडगार्ड पिरगाळतो आणि सगळीकडे तांबडा गंज फासतो. परिणाम असा की पाहणाऱ्याला ते भंगार वाटते, प्रसंग वाटत नाही. कारण प्रत्येक खुणेला कारण असते आणि प्रत्येक खुणेला वय असते.

चिखलात रुतून सोडून दिलेला रणगाडा आणि पेटलेला रणगाडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रुतलेल्याचा रंग जवळजवळ शाबूत असतो. पट्टे जागच्या जागी फिरून माती उपसतात, पोट जमिनीला टेकते, चाकांच्या फटींत चिखल ठासून भरतो. दोन-चार दिवसांत चिलखतावर गंज येत नाही. तेव्हा १० सप्टेंबर १९६५ चा रुतलेला पॅटन गंजलेला दाखवला, तर तो देखावा खोटा ठरतो.

पेटलेल्या रणगाड्याची कथा वेगळी. आगीत रंग जळून जातो, उघडे पडलेले पोलाद थोड्याच दिवसांत नारिंगी होते. चाकांवरचे रबर जळून राख उरते. उष्णतेने खालच्या स्प्रिंगांचा ताठा जातो आणि सबंध धूड काही इंच खाली बसते. चिलखत भेदणाऱ्या भरीव गोळ्याचे भोक गोल आणि ठसठशीत असते. जीपवरच्या तोफेतून सुटणाऱ्या पोकळ स्फोटक गोळ्याचे बाहेरून दिसणारे भोक मात्र लहान असते. तेवढ्याशा छिद्रामागे आत काय घडले असेल, ते पाहणाऱ्याने ओळखायचे.

लढाईनंतर वर्षानुवर्षे उघड्यावर उभा राहिलेला रणगाडा ही तिसरी तऱ्हा. पाणी साचते त्या कोपऱ्यांत गंज, उन्हाने विटलेला रंग, पट्ट्यांतून उगवलेले गवत. डायोरामा करण्यापूर्वी आपला रणगाडा कशामुळे थांबला आणि आज त्याला थांबून किती दिवस झाले, हे दोन प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे ठरवली, की निम्मे काम होते.

खुणांवरून घटना वाचण्याची ही शिस्त किती उपयोगी आहे, हे अमेरिकेतल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी दाखवून दिले. १९४० च्या दशकात त्यांनी गूढ मृत्यूंच्या प्रसंगांच्या छोट्या खोल्या तयार केल्या, एका फुटाला एक इंच या मापाने. सांडलेला चहा, भिंतीवरचा डाग, अर्धवट ओढलेला पडदा, सगळे नेमके. पोलिस अधिकाऱ्यांनी त्या खोल्यांकडे पाहून निष्कर्ष काढायला शिकावे, हा त्यांचा हेतू होता. मोडक्या रणगाड्याचा डायोरामाही असाच वाचता आला पाहिजे.

घरच्या घरी कसे करावे?

पहिल्याच झटक्यात महागडा संच आणू नये. घरात मुलांची एखादी मोडकी प्लास्टिकची मोटार असतेच. तिच्यावर महिनाभर हात बसवावा. नंतर रणगाड्याकडे वळावे. टामियाचा १:३५ मापातला पॅटन पुष्कळांना माहीत असतो. मात्र तो नंतरच्या, डिझेल इंजिनाच्या एम-४८ ए-३ या प्रकाराचा आहे. १९६५ मध्ये समोर आलेले पॅटन पेट्रोलवर चालणारे होते. त्यामुळे मागची बाजू आणि मडगार्डवरच्या पेट्या यांत फरक पडतो. जुनी छायाचित्रे पाहून हे बदल करावे लागतात, किंवा तो भाग उसाआड आणि चिखलात दडवावा लागतो. अनुभवी कारागीर दोन्ही उपाय वापरतात!

वाहन मोडताना जाडीचे भान हवे. मडगार्डचा खरा पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. पस्तीसपट लहान केल्यावर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ होतो. संचातले जाड प्लास्टिक वाकवले तर ते पाव बिस्किटासारखे दिसते. तेवढा भाग कापून टाकावा आणि त्या जागी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा लावावा. तो हवा तसा चेमटतो. त्याच्या कडा धारदार असतात, तेव्हा हे काम मोठ्यांनीच हातमोजे घालून करावे.

जमिनीसाठी लाकडी फळीवर थर्माकोलचा तुकडा चिकटवावा. रणगाडा जिथे रुतणार तिथे आधीच खड्डा कोरून घ्यावा. तयार जमिनीवर रणगाडा नुसता ठेवला तर तो ठेवल्यासारखाच दिसतो. त्यात वजन येत नाही. थर्माकोलवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्यावा. तो दिल्याखेरीज फवाऱ्याचा रंग किंवा प्लास्टिकचा डिंक वापरू नये, कारण त्यांनी थर्माकोल विरघळतो. प्लास्टर ओले असतानाच पट्ट्यांचे ठसे उमटवावेत. पॅटनचा पट्टा या मापात सुमारे दोन सेंटिमीटर रुंद भरतो. दोन समांतर खोल चाकोऱ्या काढल्या, की रणगाडा कुठून आला ते कोणी न सांगता कळते.

चिखलासाठी बागेतली माती चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी. तिच्यात फेव्हिकॉल, थोडे पाणी, बारीक भुसा आणि तपकिरी रंग मिसळावा. वाळल्यावर हा लेप फिका पडतो. जिथे चिखल ओला दाखवायचा, तिथे गडद रंग आणि चकचकीत वार्निश वापरावे. ओल्या-सुक्या चिखलाचे दोन रंग शेजारी-शेजारी आले, की देखाव्यात जीव येतो. चाकोरीत साचलेले पाणी पारदर्शक एपॉक्सी रेझिनचे करतात. ते एकदम न ओतता पातळ थरांत ओतावे आणि प्रत्येक थर पुरा सुकू द्यावा.

ऊस हा मराठी कारागिराच्या जिव्हाळ्याचा भाग. खराट्याच्या काड्या कांड्यांसाठी उत्तम. नखाने थोड्या-थोड्या अंतरावर पेरांच्या खुणा कराव्यात. पाने कागदाच्या लांब, निमुळत्या पट्ट्यांची. त्या कात्रीच्या पात्यावरून हलकेच ओढल्या, की पानासारख्या वळतात. सप्टेंबरातला ऊस आहे, तेव्हा त्याला तुरा काढू नये. खालची पाने वाळलेली, वरची हिरवी ठेवावीत. रणगाड्याच्या मागे त्याच्या रुंदीएवढी, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरची वाट चिरडलेल्या उसाची असावी. तिथे कांड्या आडव्या पडलेल्या आणि पाने चिखलात दाबलेली. उसाच्या फडातून एकदा ट्रॅक्टर गेला तर शेतकऱ्याच्या मनाला काय वाटते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही वाट कशी करावी ते सांगावे लागत नाही.

रंगाबाबत एक पथ्य पाळावे. एकाच छटेने सबंध रणगाडा रंगवू नये. वरच्या सपाट भागांवर ऊन पडते म्हणून तिथे रंग थोडा फिका, कडा-कोपऱ्यांत गडद. गंज दाखवायचाच असेल, तर आधी गंजाचा रंग देऊन तो वाळू द्यावा, त्यावर केसांचा स्प्रे मारावा, मग वरचा पाण्यात मिसळणारा रंग द्यावा. तो वाळल्यावर ओल्या कुंचल्याने हलकेच घासले, की वरचा रंग कपच्यांनी सुटतो आणि खालचा गंज डोकावतो.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष नको. थिनर, फवारा आणि रेझिन यांचे काम खिडकी उघडी ठेवून करावे. घासकाम करताना तोंडावर मास्क असावा. कटर नेहमी बोटांपासून दूर सरकवावे. घरात लहान मुले असतील, तर पाण्यात मिसळणारे रंग वापरणे चांगले. ऊस, चिखल आणि गवत ही कामे मुलांना खुशाल द्यावीत. दिवाळीच्या किल्ल्याने त्यांचा हात तयार असतो.

आत कोण होते?

मुलांबरोबर हा डायोरामा करताना एक प्रश्न आज ना उद्या येतोच. "यातली माणसे कुठे गेली?"

या प्रश्नाला बगल देऊ नये. पॅटन एम-४८ मध्ये चौघे असत. कमांडर, तोफ चालवणारा, गोळा भरणारा आणि चालक. असल उत्तरला कित्येक जण रुतलेला रणगाडा सोडून निसटले, काही कैद झाले, काही बाहेर पडूच शकले नाहीत. आपल्या बाजूचीही माणसे पडली. युद्ध संपल्यावर पकडलेले पॅटन देशात ठिकठिकाणी विजयचिन्ह म्हणून उभे केले गेले आणि त्यात वावगे काहीच नव्हते. ज्यांनी जुन्या शर्मनमधून, उघड्या जीपवरून हे धूड थांबवले, त्यांच्या शौर्याची ती खूण आहे. तरीही चौथऱ्यावरचा रंगवलेला रणगाडा आणि शेतात रुतलेला रणगाडा यांत फरक आहे. चौथऱ्यावरचा निकाल सांगतो. रुतलेला त्या निकालाची किंमत दाखवतो.

म्हणून मोडक्या वाहनाचा देखावा करताना काय दाखवायचे याइतकेच काय दाखवायचे नाही, हेही ठरवावे लागते. अनेक जाणते कारागीर मृतदेह दाखवत नाहीत. त्यांच्या मते त्याने देखावा भडक होतो आणि पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते. ते उघडे झाकण दाखवतात, पट्ट्यापाशी पडलेली एखादी पाण्याची बाटली, चिखलात उमटलेले आणि उसाकडे जाणारे बुटांचे ठसे. माणूस दिसत नाही, पण तो होता हे कळते. मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळते.

खरा रणगाडा डोळ्यांनी पाहून काम करायचे असेल, तर महाराष्ट्रातल्या वाचकांना दूर जायला नको. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) इथे लष्कराचे कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे. तिथल्या चिलखती वाहनांशेजारी उभे राहिले की पट्ट्याची एकेक कडी किती जाड आणि झाकण किती अरुंद असते ते समजते. त्या अरुंद झाकणातून घाईने बाहेर पडायचे म्हणजे काय, याचा अंदाज कोणत्याही छायाचित्रातून येत नाही. पंजाबात जाणाऱ्यांनी असल उत्तर येथील अब्दुल हमीद यांच्या स्मारकाला अवश्य भेट द्यावी.

देखावा पूर्ण झाल्यावर एक काम उरते. फळीच्या पुढच्या कडेला छोटी पट्टी लावायची. तिच्यावर 'विजय' किंवा 'पराभव' असे काही लिहू नये. गावाचे नाव आणि तारीख पुरते. 'असल उत्तर, १० सप्टेंबर १९६५.' बाकीचे रणगाडा, ऊस आणि चिखलातले ते बुटांचे ठसे सांगतात. घरी आलेला पाहुणा ते वाचायला वाकला आणि त्याने "इथे काय झाले होते?" असे विचारले, की घरातल्या मुलाला ती गोष्ट सांगू द्यावी.